सक्तीची फारसी, मर्जीची फारसी

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी वंदना आटोपून विहाराबाहेर पडत होतो, तोच समुद्रपूर तालुक्यातले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन समोर आले. जय भीम झाला, प्रकृतीची विचारपूस झाली. मुलगी मागे उभी, नजर खाली, पण चेहऱ्यावर हट्ट स्पष्ट दिसत होता.

"गुरुजी, या पोरीले तुमीच समजावून सांगा जी," गृहस्थ म्हणाले. "बी. ए. झाली. बी. एड. कर म्हटलं, स्पर्धा परीक्षा दे म्हटलं, तं आयकत नाही. मी फारशी शिकतो म्हणते. आता ते शिकून हिले कोण नोकरी देईन? अन् लोक काय म्हणतीन? बौद्धाची पोरगी अन् मौलवीची भाषा!"

ही दोन्ही कारणे नेहमीची होती. पण थोडे थांबून त्यांनी आवाज खाली आणून तिसरे कारण सांगितले. "बाबासाहेबायले संस्कृत शिकू देल्लं नाही, म्हणून त्यायच्यावर फारशीची सक्ती झाली. मंग आपण आपल्या मर्जीनं तेच कायले घ्याचं?"

या तिसऱ्या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आले नाही. प्रश्न खरा होता आणि तो विचारणारा बाप अडाणी नव्हता. बाबासाहेबांचे चरित्र वाचलेला, त्या चरित्रातला सल मनात जपलेला माणूस होता. घरी आल्यावर पुन्हा पुस्तके काढली, टिपणे पाहिली. आजचे हे सदर त्या घरासाठी आहे, आणि ज्या ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी 'आपल्यात कोणी घेत नाही' असा विषय मागते, त्या प्रत्येक घरासाठीही आहे.

प्रथम इतिहास. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव शिकत असताना त्यांच्या मनात संस्कृत घ्यायचे होते. सुभेदार रामजींचीही तीच इच्छा होती. थोरले बंधू आनंदराव यांनी आधी तो प्रयत्न करून पाहिला होता. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असे शिक्षकांनी सांगितले आणि आनंदरावांना फारसी घ्यावी लागली. भीमरावांच्या वाट्यालाही तेच आले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली बी. ए. झाले. त्या पदवीच्या अभ्यासातही इंग्रजीबरोबर फारसी होतीच. कॉलेजात फारसी शिकवणारे प्राध्यापक इराणी यांनी या विद्यार्थ्याला आपुलकीने वागवले, असे चरित्रकार नोंदवतात.

या गोष्टीचे दुःख बाबासाहेबांना शेवटपर्यंत होते. शिक्षकांच्या संकुचित मनामुळे आपण शाळेत संस्कृतला मुकलो, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. पुढे स्वतःच्या कष्टाने आणि पंडितांच्या मदतीने त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, धर्मशास्त्रे पालथी घातली आणि १९४६ साली शूद्र मूळचे कोण होते हे दाखवणारा ग्रंथ लिहिला. उत्तरायुष्यात ते पालीकडे वळले. त्यांनी तयार केलेले पालीचे व्याकरण आणि कोश महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली छापले आहेत. ज्या भाषेचे दार तोंडावर बंद झाले, त्याच भाषेला देशाच्या राजभाषेचा मान द्यावा या सूचनेला १९४९ साली पाठिंबा देणाऱ्यांतही बाबासाहेब होते. भाषेवर राग धरणारा हा माणूस नव्हता. राग होता तो दार अडवून बसलेल्यांवर.

म्हणून त्या गृहस्थांना माझे पहिले सांगणे असे की, दादा, बाबासाहेबांचा अपमान फारसीने केलेला नाही. एका दाराने त्यांना हाकलले, तेव्हा दुसरे दार उघडे होते आणि ते फारसीचे होते. अन्याय होता तो निवड हिरावून घेण्याचा. आज तुमच्या मुलीसमोर संस्कृत आहे, पाली आहे, इंग्रजी आहे, संगणक आहे, आणि त्यातून ती फारसी मागते आहे. तिच्या हातात निवड आहे. बाबासाहेबांना जे मिळाले नाही, ते नेमके हेच. आता आपणच बाप होऊन तिची निवड हिरावून घेतली, तर त्या संस्कृत शिक्षकात आणि आपल्यात फरक काय उरला?

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहा. विनोबा भावे १९३८ सालापासून पवनारला धाम नदीच्या काठी राहिले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले आणि पुढे त्यांनी 'कुराण-सार' तयार केले. त्यांनी धम्मपदाचीही आपल्या पद्धतीने नवी मांडणी केली. विनोबांची मते आपल्याला किती पटतात हा वेगळा विषय आहे, आणि आपल्या पत्रातून त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण एवढे मात्र लक्षात घ्या. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने मर्जीने अरबी शिकली, तेव्हा लोकांनी त्याला विद्वत्ता म्हटले, उदारपणा म्हटले. 'मौलवीची भाषा' असे कोणी म्हटले नाही. मग आपल्या मुलीने तेच केले तर तिला वेगळे माप का?

वर्ध्याला भाषांचा वाद नवा नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे १९३६ साली निघाली. नागरी आणि उर्दू या दोन्ही लिपी सर्वांनी शिकाव्यात म्हणून गांधीजींनी १९४२ साली इथेच हिंदुस्थानी प्रचार सभा काढली. आपले भदन्त आनंद कौसल्यायन त्याच दशकात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम वर्ध्यात राहून पाहत होते. जातककथा पालीतून हिंदीत आणणाऱ्या या भिक्खूचे नाव आज वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातल्या बौद्ध अध्ययन केंद्राला आहे. त्यांचे जिवलग मित्र राहुल सांकृत्यायन हे पाली-संस्कृतबरोबर अरबी-फारसीही जाणत आणि इराणलाही जाऊन आले होते. म्हणजे बौद्ध माणसाने फारसी शिकणे ही काही तुमच्या मुलीने काढलेली नवी टूम नव्हे.

आता त्या भाषांत आपल्यासाठी काय आहे ते सांगतो. मुलीच्या हट्टामागे खरा अर्थ आहे तो इथे.

फारसीत मूर्तीला 'बुत' म्हणतात. हा शब्द 'बुद्ध' या नावापासून आला. मध्य आशियात बुद्धमूर्ती इतक्या होत्या की मूर्ती म्हणजेच बुद्ध असे समीकरण झाले. बाबासाहेबांनी भारतातल्या बौद्ध धर्माच्या ऱ्हासावर लिहिताना या शब्दाकडे मुद्दाम बोट दाखवले आहे. त्यांनी तो शब्द अरबी म्हणून सांगितला. कोशकार तो फारसीतला मानतात. बाबासाहेबांचा मुद्दा त्याने ढळत नाही, पण असे बारकावे पाहायचे तर भाषा यायला नको का? ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. ग्रंथाच्या बाबतीत पारखून घेणे म्हणजे तो मुळातून वाचणे.

आज अफगाणिस्तानात असलेल्या बल्ख शहरी 'नवविहार' नावाचा मोठा विहार होता. सातव्या शतकात ह्युएन त्संगने तो पाहिला. अरबांच्या तोंडी त्याचे 'नौबहार' झाले. त्या विहाराच्या प्रमुखाचे घराणे पुढे मुसलमान झाले आणि बगदादच्या खलिफांचे वजीर बनले. ते बर्मकी घराणे. 'बर्मक' हे नाव 'प्रमुख' या शब्दापासून आले असे विद्वान मानतात. हारून-अल-रशीदचा दरबार ज्यांनी चालवला, त्या घराण्याचे मूळ एका विहारात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सिद्धार्थ राजपुत्राच्या गृहत्यागाची कथाही अशीच पश्चिमेकडे गेली. अरबीत ती 'बिलौहर आणि बुदासफ' या नावाने लिहिली गेली. 'बुदासफ' म्हणजे आपला बोधिसत्त्वच. लिहिताना एका टिंबाचा फरक झाला आणि 'ब' चा 'य' होऊन 'युदासफ' झाले. तेच पुढे युरोपात 'जोसाफत' झाले आणि ख्रिस्ती लोकांनी त्याला संत म्हणून पुजले. या कथेची अरबी प्रत १८८८-८९ च्या सुमारास आपल्या मुंबईतच शिळाप्रेसवर छापली गेली होती. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणचा वजीर रशीदुद्दीन याने जगाचा मोठा इतिहास लिहवून घेतला. त्यात भगवान बुद्धांचे चरित्र आणि शिकवण यांवर स्वतंत्र भाग आहे आणि तो लिहिताना कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्खूची मदत घेतली होती.

अल्बेरूनीने १०३० च्या सुमारास भारतावर अरबीत ग्रंथ लिहिला. तो संस्कृत शिकला, पंडितांशी बोलला आणि जे दिसले ते लिहून ठेवले. चार वर्णांबाहेर ठेवलेल्या, गावाबाहेर राहणाऱ्या लोकांची नोंद त्याने केली. डोम आणि चांडाळ यांची नावे दिली. आणि हेही लिहिले की बौद्धांविषयी सांगणारा माणूस किंवा ग्रंथ आपल्याला मिळाला नाही. वाचताना काळजात कळ येते. परका माणूस आपल्याविषयी विचारत होता आणि उत्तर द्यायला कोणी उरले नव्हते.

शेवटी एक नाजूक गोष्ट. बख्तियार खिलजीच्या स्वारीत बिहारमध्ये विहार उद्ध्वस्त झाले, भिक्खू मारले गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याचा मुख्य आधार म्हणजे मिन्हाज-ए-सिराज याने १२६० च्या सुमारास फारसीत लिहिलेला इतिहास. त्यात मारल्या गेलेल्या लोकांना त्याने 'ब्राह्मण' म्हटले आहे, पण त्यांची डोकी मुंडलेली होती असेही सांगितले आहे. म्हणजे ते भिक्खू होते. तो विहार नालंदा की उदंतपुरी, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. बाबासाहेबांनी हा उतारा दिला तो इंग्रजी भाषांतरावरून. आज या प्रसंगाचे राजकारण करणारे पुष्कळ आहेत. कोणी त्यावरून मुसलमानांविरुद्ध आपली माथी भडकवतो, तर कोणी असे काही घडलेच नाही म्हणून सांगतो. आपल्या धम्माच्या नाशाची साक्ष ज्या भाषेत लिहिली आहे, ती भाषा वाचणारा आपला एकही माणूस नसावा आणि दुसऱ्यांनी सांगावे तेवढेच आपण मानावे, हे शहाणपणाचे नव्हे.

ही झाली दूरची गोष्ट. आता घरातली पाहा. मुलगी ज्याला 'दप्तर' म्हणते तो शब्द फारसीतून आला. कागद आणि शाई हे शब्दही तसेच. दौत अरबीतून आली. बाप शेतात खरीप आणि रबी करतो, ही दोन्ही अरबी नावे. तालुका, जिल्हा, तहसील, अर्ज, वकील, कायदा, हक्क हे सगळे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी लोकांच्या तोंडचे शब्द गेले नाहीत.

पण सगळेच शब्द गोड नाहीत. 'बेगार' हा फारसी शब्द आहे आणि आपल्या वाडवडिलांनी ती बेगार पाठीवर वाहिली. 'वतन' या शब्दाचा अरबीत अर्थ मायभूमी. आपल्याकडे त्याच शब्दाचा अर्थ झाला तुकडाभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्पिढ्यांची चाकरी. त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. म्हणून फारसी ही समतेची भाषा होती असेही कोणी समजू नये. ती दरबाराची भाषा होती, आणि दरबार कोणाचाही असो, गावकुसाबाहेरच्या माणसाला आत जागा नव्हती. बिदरच्या बादशहाने आपल्या पूर्वजांना बावन्न हक्क दिले, ही अमृतनाकाची कथा आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो. अशा सनदा, निवाडे, वतनाचे कागद मोडीत आणि फारसीत असतात. ते वाचून खरे-खोटे करायला आपली माणसे हवीत. महाराष्ट्रात ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी कागद मराठीत आणले, माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, म्हणून राजेरजवाड्यांचा इतिहास उभा राहिला. गावकुसाबाहेरच्या माणसाचा इतिहास त्या कागदांत शोधायचा असेल, तर तो शोधणारा डोळाही आपलाच लागेल.

आता नोकरीचा प्रश्न. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. फारसी शिकली की उद्या नोकरी, असे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ साली मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली, फारसी आणि अरबी या तिन्ही साहित्यांना वगळले. त्याचा फटका आपल्या पालीच्या मुलांना बसला आणि फारसीच्या मुलांनाही. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पाली, फारसी आणि प्राकृत यांच्यासाठी राष्ट्रीय संस्था काढण्याचे लिहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. कागदावरचे प्रत्यक्षात आणायचे तर त्या भाषा शिकलेले लोक लागतात.

अरबीला पोटापाण्याचा आधार अधिक आहे. आखाती देशांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या, तिकडून येणाऱ्या रुग्णांची मोठी रुग्णालये, वकिलाती यांना दुभाषे लागतात. दोन्ही भाषांत प्राध्यापकीसाठी नेटची परीक्षा आहे आणि त्या जागांनाही आरक्षण आहे. पण त्या विषयात शिकलेला आपला उमेदवारच नसेल, तर राखीव जागेचा उपयोग काय? मुंबई विद्यापीठात दोन्ही भाषांचे शिक्षण आहे. हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ इथेही आहे. प्रवेशात अनुसूचित जातीच्या जागा असतात, शिष्यवृत्तीही असते. जातीचे प्रमाणपत्र, पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांची तयारी मात्र आधी करून ठेवावी. पुष्कळ मुले हुशारीत कमी पडत नाहीत, कागदात कमी पडतात.

घर सोडण्याआधी मुलीने लिपी शिकावी. फारसीत बत्तीस अक्षरे, अरबीत अठ्ठावीस. अरबीत 'प' नाही, म्हणून तर 'पारसी' ची 'फारसी' झाली. फारसीत नामाला लिंगभेद नाही, त्यामुळे आपल्या मराठीसारखी 'तो, ती, ते' ची डोकेदुखी नाही. अरबी त्या मानाने अवघड. हिंगणघाटला, वर्ध्याला उर्दू शिकलेली माणसे आहेत. एखाद्या उर्दू शिक्षिकेकडे दोन-तीन महिने रोज तासभर बसले तर वाचता येऊ लागेल. तेवढ्यात हौस आहे की ध्यास, हेही कळेल. आणि पाली सोडू नये. नागपूर विद्यापीठात पालीचे अध्ययन आहे, वर्ध्याला बौद्ध अध्ययन केंद्र आहे. पाली येणारे पुष्कळ आहेत, फारसी येणारेही आहेत, पण दोन्ही येणारे बोटावर मोजण्याइतके. ज्याला दोन्ही येतील, त्याच्या कामाला तोड नाही.

राहिले लोक. आपल्यातले काही जण बावीस प्रतिज्ञा घेऊनही अजून गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यात नवस फेडायला जातात. तेव्हा त्यांना कोणी नावे ठेवत नाही. नवस चालतो आणि विद्या चालत नाही, हा कुठला न्याय? भाषा शिकल्याने धम्म बुडत नाही. भगवंतांनी आपला उपदेश लोकांनी आपापल्या भाषेत शिकावा असे सांगितले. एकाच भाषेला पवित्र ठरवून बाकीच्यांना हलके मानण्याची रीत आपली नव्हे.

हे सगळे मी त्या रविवारी बोललो नाही. पुढच्या रविवारी त्यांना बोलावून घेतले, तेव्हा बोललो. गृहस्थ ऐकत राहिले. मग मी मुलीला विचारले, "तुला हे सुचले कुठून?"

ती म्हणाली, "गुरुजी, आजीच्या पेटीत जमिनीचे जुने कागद आहेत. काही मोडीत, एकावर फारशी शिक्का. कोणाले दाखवलं तं मने, जुनं आहे, ठेवून द्या. मले ते वाचाचं आहे."

बाप तिच्याकडे पाहत राहिला. ही गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. शेवटी म्हणाला, "सहा महिने घरी राहून शीक. त्यात दमली नाही, तं मंग मुंबईचं पाहू." मुलीने मान हलवली. पूर्ण होकार नाही, पण दार लावून घेतले नाही, हेही काही कमी नव्हे.

वाचक बंधू-भगिनींनो, गमतीची गोष्ट अशी की 'सक्ती' हा शब्द फारसीतून आला आहे आणि 'मर्जी' हा अरबीतून. दोन्ही आपण मराठी म्हणून वापरतो. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला पहिला शब्द आला. आपल्या लेकरांच्या वाट्याला दुसरा यावा, एवढे तरी आपल्या हातात आहे. आणि हो, तुमच्याही घरी पेटीत, माळ्यावर असे जुने कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. वाचणारी तयार होते आहे.

जय भीम!